विसण

रविवारी सकाळी किरण वर आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, वेळ असेल तर जरा खाली येता का? छताला काहीतरी आलंय."

किरण आमच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. बिरवाडीत अशी घरं बरीच आहेत. वर मालक राहतो आणि खाली एमआयडीसीत कामाला जाणारं एखादं कुटुंब. किरण आणि पूनम आमच्याकडे आले त्याला अडीच वर्षं झाली. माझी बायको माधुरी गेली त्यानंतर दहा-बारा महिन्यांनी मी खालचा मजला भाड्याने दिला, कारण रिकाम्या खोल्यांमधून वर येणारा आवाज मला नको होता. रिकाम्या खोलीला आवाज असतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

खाली मागच्या खोलीत छताला जेवणाच्या ताटाएवढा डाग आला होता. मध्ये ओला, कडेला तपकिरी. मी स्टुलावर चढून बोट लावलं. रंगाचा पोपडा ओला होऊन बोटाला चिकटला. डागापासून हातभर अंतरावर पाळण्याची कडी होती. ती किरणने आठवड्यापूर्वीच बसवून घेतली होती.

पूनम बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, पोलादपूरच्या पुढे. मुलगा झाला होता. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन ती परत येणार होती. दिवसही ठरला होता, एकोणीस तारखेचा रविवार.

किरण खाली मान घालून म्हणाला, "काका, रागावू नका. पूनम म्हणते, ओलीच्या खोलीत बाळाला आणायचं नाही. तिच्या आईने तर हट्टच धरलाय. मी नांगलवाडीला एक खोली बघून ठेवलीय. जायचं मनात नाहीये माझ्या. पण…"

"एकोणीसच्या आत कोरडं करून देतो," मी म्हणालो.

इतकं ठामपणे मी बऱ्याच दिवसांत काही बोललो नव्हतो. ती दोघं गेली असती तर दुसरं कोणी मिळालं असतं. पण मला दुसरं कोणी नको होतं. पूनम भाजी निवडताना फोनवर मोठमोठ्याने बोलते, ते वर ऐकू येतं. आता एक बाळ रडणार होतं. मी त्याची वाट बघत होतो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

डाग होता त्याच्या बरोबर वर आमचं न्हाणीघर. घर बांधलं तेव्हा टाईल्स माधुरीने पसंत केल्या होत्या. पांढऱ्या, कडेला फिकट निळी रेघ. वापर माझ्या एकट्याचा. सकाळी एक बादली.

येसाजी पुढच्या शनिवारी आले. गवंडीकाम, प्लंबिंग दोन्ही करतात. त्यांची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. घरी म्हशी आहेत, त्यामुळे धार काढून झाल्याशिवाय ते खाली उतरत नाहीत आणि संध्याकाळच्या धारेआधी परत जातात. साठीचे असतील. त्यांनी पिशवीतून हत्यार काढलं नाही. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि उकिडवे बसून एकेका टाईलवर वाजवत गेले.

किरण दारात उभा होता. म्हणाला, "येसाजीदादा, टाईल्स बघताय की कलिंगडं?"

"कलिंगड बरं," येसाजी वर न बघता म्हणाले. "कापलं की कळतं तरी. हिचं फोडल्याशिवाय कळत नाय, आन फोडली की मालकाच्या जिवावर येतं. ऐका, ही बोलतेय बघा."

जाळीशेजारच्या दोन टाईल्स पोकळ वाजत होत्या. बाकी सगळ्या भरीव. मग त्यांनी वरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करून पाइपांवर दाबाचा पंप लावला, अर्धा तास काटा बघत बसले. काटा हलला नाही. पाइप शाबूत होते.

"दोनच जागा उरल्या," ते म्हणाले. "नायतर जाळीखालचं भांडं, ट्रॅप म्हणतात ते, नायतर फरशीचे सांधे. आता जाळी बंद करून पाणी कोंडायचं. उद्यापर्यंत पाणी उतरलं तर सांधे. नाय उतरलं तर ट्रॅप."

जाळीत त्यांनी फडक्याचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठोकून बसवला. उंबऱ्याला सिमेंटचा छोटा बांध घातला. मग नळ सोडून दोन बोटं पाणी भरलं आणि भिंतीच्या टाईलवर पेन्सिलने रेघ मारली. जाताना म्हणाले, "दार लावून घ्या. आंघोळ खाली किरणकडं करा. यात कोणी पाय घालू नका."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी बघितलं. पाणी रेघेला टेकून होतं. स्वच्छ, निश्चल, त्यात वरचा बल्ब दिसत होता. खालच्या डागातही नवी ओल नव्हती. मी येसाजींना फोन केला. वाडीत कोणाकडे तरी साखरपुडा होता, मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"मंग ट्रॅपच," ते म्हणाले. "उद्या येतो फोडायला. पण सर, फोडायच्या आधी एकदा ऊन पाण्याने बघून घ्या. गारात मिटलेला सांधा ऊन पाण्यात उघडतो कधी कधी. काय करा, आताचं गार सगळं सोडून द्या. बोळा परत बसवा. मंग गिझरचं ऊन पाणी भरा. लई कढत वाटलं तर वरनं विसण घाला. ध्यानात आलं ना?"

ध्यानात आलं होतं. विसण हा शब्द मात्र बऱ्याच वर्षांनी कानावर पडला. कढत पाणी बेताचं करायला जे गार घालतात ते विसण. आमच्याकडे गिझर आल्यापासून हा शब्द कोणाला लागला नव्हता.

संध्याकाळी साडेपाचला मी कामाला लागलो. बोळा काढायचा तर गार पाण्यात हात घालून तो उपटावा लागणार होता, आणि मला तो येसाजींसारखा परत बसवता आला असता याची खात्री नव्हती. शिवाय साठ-सत्तर लिटर चांगलं पाणी गटारात सोडायचं. मला वाटलं, काय फरक पडतो. पाणी ऊन झाल्याशी मतलब. मी गिझर तापवला आणि होतं त्याच गार पाण्यात बादल्या ओतल्या. असं तीनदा केलं. पाणी वर चढलं, तशी जुन्या रेघेवर नवी रेघ मारली. वाफ आली. दार लावून घेतलं. किरणला फोन करून सांगितलं की डागाकडे लक्ष ठेव.

मग बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसलो.

तिन्हीसांज झाली होती. जानेवारीत आमच्याकडे अंधार लवकर पडतो, कारण पश्चिमेला डोंगर आहे. कारखान्यांच्या बाजूने नेहमीचा आंबूस वास येत होता. समोरच्या घरात कोणीतरी देवापाशी घंटा वाजवली. दिवा लावायला हवा होता, पण मी आठवीच्या मुलांच्या वह्या संपवून उठू असं म्हणत बसलो होतो. दिवसाची ही दहा-पंधरा मिनिटं सगळे आवाज एकदम कमी होतात, ते तुम्हीही अनुभवलं असेल.

तेवढ्यात पाण्याचा आवाज आला.

ठिबकण्याचा नव्हता. ठिबकण्याचा आवाज मी आठवडाभर ऐकत होतो, तो ओळखू येतो. हा आवाज तांब्याने पाणी घालण्याचा होता. एक तांब्या. मग थोडी शांतता. मग दुसरा. आपण स्वतः अंघोळ करतो तेव्हा तांब्यामागून तांब्या भराभर घेतो. हे तसं नव्हतं. लहान मुलाला किंवा आजारी माणसाला कोणी दुसरं अंघोळ घालतं तेव्हा मधे हात फिरवायला वेळ जातो, तेवढं अंतर प्रत्येक वेळी होतं.

फोन वाजला. किरण होता. हळू आवाजात बोलत होता.

"काका… वर कोण अंघोळ करतंय का?"

"नाही. का?"

"नाही, तांब्याचा आवाज येतोय म्हणून. म्हटलं, टेस्ट चालू असताना…"

"गळतंय का?"

"एक थेंब नाही. एकदम कोरडं आहे." त्याने आवाज आणखी खाली आणला. "आवाजच येतोय फक्त."

मी फोन ठेवला आणि न्हाणीघराच्या दारापाशी गेलो. दाराखालच्या फटीतून ऊन वाफ पायांना लागत होती. आत तांब्या भरल्याचा बुडबुडा ऐकू आला, मग पाणी पडल्याचा. दाराला बाहेरून कडी होती. ती मीच घातली होती. कडी काढून दार उघडायला काही हरकत नव्हती. मी उघडलं नाही. भीती वाटली असं मी म्हणणार नाही. आत कोणाची अंघोळ चाललेली असताना दार उघडू नये, एवढंच त्या वेळी मनात आलं, आणि ते मला अगदी साधं वाटलं.

आवाज थांबेपर्यंत मी उभा राहिलो. थांबल्यावरही थोडा वेळ थांबलो. मग दिवा लावला आणि कडी काढली.

आरसा पूर्ण धुरकटला होता. भिंतीच्या टाईल्स कमरेच्या उंचीपर्यंत ओल्या होत्या, वर कोरड्या. पाणी नव्या रेघेच्या खाली बोटभर उतरलं होतं आणि अजून हलत होतं, भिंतीला बारीक लाटा लागत होत्या. आत वास होता. साबणाचा नाही, शेवाळाचाही नाही. नव्या प्लास्टिकचा. मी स्वतःला सांगितलं की बोळ्याला गुंडाळलेली पिशवी गरम पाण्याने मऊ झाली असेल, तिचा वास.

किरण जिना चढून वर आला. दारातून त्याने आत बघितलं.

"पाणी उतरलं की काका."

"हो."

"पण खाली तर…" त्याने जाळीकडे बोट केलं. बोळा होता तसा होता. "मग गेलं कुठं?"

मी म्हणालो, सांध्यांनी प्यायलं असेल. तो हो म्हणाला. आम्ही दोघांनीही ते मानलं नाही. तो त्या रात्री मित्राकडे झोपायला गेला. मी घरीच होतो. मला झोप लागली, हेही सांगितलं पाहिजे. चांगली लागली.

सोमवारी सकाळी येसाजी आले. रेघा बघितल्या. बोट लावून अंतर मोजलं. खोलीची लांबी-रुंदी त्यांना तोंडपाठ होती.

"तीस-पस्तीस लिटर," ते म्हणाले. "दोन बादल्या. खाली आलं नाय म्हणता?"

"नाही."

"सांध्यातनं गेलं असतं तर खाली छत धरलं असतं." ते पाण्याजवळ उकिडवे बसले आणि त्यात हात घातला. मग माझ्याकडे बघितलं. "काल सगळं गार सोडून दिलंत ना आधी?"

"नाही. त्यातच गरम ओतलं."

त्यांनी हात पाण्यातून काढला. टॉवेलला पुसला. बोटं एकेक करून पुसली.

"गार पाण्यावर ऊन ओतलंत."

"हो. काय बिघडलं?"

"तुमच्याकडं सांगत नायत का कोणी?" त्यांचा आवाज खाली गेला होता. "जित्या माणसाचं पाणी काढताना आधी ऊन घेतात, वरनं विसण. गार पाण्यावर ऊन कधी ओतत नायत सर. आमच्यात पोरीबाळींनापन ठावं असतंय. पोरगी चुकली तर आई हातावर चापट मारते. तसं पाणी एकदाच काढतात."

मला ते माहीत होतं. म्हणजे कधीकाळी ऐकलेलं होतं. आधी गार आणि मग गरम, हे प्रेताच्या अंघोळीचं पाणी. नळ आणि गिझर आल्यावर माणसं विसरतात. मिक्सरच्या नळात आधी काय येतं ते कोण बघतं.

येसाजींनी पुन्हा एकदा दोन्ही रेघांकडे बघितलं. मग म्हणाले, "सर, विचारू नये. घरात कोणाची आंघोळ राहिली होती का?"

मी त्यांना सांगितलं. त्यांच्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. साथीच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, माधुरी अकरा दिवस दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी सकाळी फोन आला. मी गेलो. पंधरा फुटांवर उभं केलं. चेन लावलेली पिशवी होती, नवी, पांढरी. ती आतमध्ये आहे हे कागदावर लिहिलेल्या नावावरून समजायचं. मी विचारलं, अंघोळ घातली का? तिथे काम करणारा माणूस फार दमलेला होता. वाईट नव्हता. तो म्हणाला, तसं काही नसतं आता. मग माझ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने स्वतःची पाण्याची बाटली उघडली आणि पिशवीवरून थोडं पाणी शिंपडलं. फ्रिजमधली बाटली असावी. बाहेरून तिला घाम आला होता.

येसाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे गार झालं होतं त्यांचं," ते म्हणाले. "ऊन राहिलं होतं."

ते बरोबर होतं.

"मंग झालं ते बरं झालं म्हणायचं. बाई गेल्या आता." त्यांनी बाही वर केली. "फक्त एक चुकलं. हे पाणी उरवत नायत. जेवढं काढलं तेवढं तिथंच संपवायचं, नायतर लगेच ओतून टाकायचं. रातभर ठेवायचं नाय. कोणाच्या तरी वाट्याला राहतं ते."

त्यांनी कोपरापर्यंत हात घालून बोळा उपटला. पाणी एकदम जाळीत शिरलं, गोल फिरत. मागच्या भिंतीवरच्या पाइपातून ते खाली उतरताना ऐकू आलं. तो पाइप किरणच्या न्हाणीघरावरून जाऊन अंगणातल्या चेंबरला मिळतो. येसाजी कान देऊन ऐकत राहिले, शेवटचा आवाज जाईपर्यंत.

मग ते कामाला लागले आणि दोन दिवस कामाशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. पोकळ टाईल्स छन्नीने उचकटल्या. खाली ट्रॅपच्या गळ्याशी केसाएवढी फट होती. सगळी गळती तिथूनच होती, साधी, कळण्यासारखी. नवा ट्रॅप बसवला, भोवती रसायन घातलेलं सिमेंट भरलं, सुकू दिलं, परत दोन हात दिले. सगळे सांधे पात्याने खरवडून जुना माल काढला आणि एपॉक्सी भरलं. तशा टाईल्स आता मिळत नाहीत, म्हणून फोडलेल्या जागी दोन साध्या पांढऱ्या बसवल्या. त्यांना निळी रेघ नाही. शनिवारी येऊन पुन्हा पाणी कोंडलं. या वेळी मी तिथे थांबलो नाही, सगळं त्यांनीच केलं. रविवारी पाणी रेघेला होतं. छत कोरडं होतं. किरणने डाग खरवडून वर चुना मारला.

जाताना मी येसाजींना म्हणालो, "आता बंद ना कायमचं?"

"पाणी बंद होत नाय सर. वाट बदलतं. आपन आपल्या भिंतीतनं काढायचं, एवढंच आपल्या हातात." चहा त्यांनी उभ्यानेच घेतला आणि म्हशींसाठी निघाले.

एकोणीस तारखेला दुपारी रिक्षा आली. पूनम उतरली, कानाला रुमाल बांधलेली, थोडी भरलेली. बाळाच्या कपाळाला मोठी तीट होती. तिने आधी मागच्या खोलीत जाऊन मान मागे करून छत बघितलं आणि किरणला म्हणाली, "बरंय. नांगलवाडीची खोली सांग आता दुसऱ्या कोणाला तरी."

"तुझ्या आईला सांगतो, ती राहील," किरण म्हणाला. पूनमने त्याला पिशवीनेच मारलं.

ते दिवस चांगले गेले. बाळ पहाटे रडायचं. मी अंथरुणात पडून ऐकायचो. पूनम अंगाई म्हणत नाही, मोबाइलवर लावते आणि स्वतः त्याच्याबरोबर गुणगुणते, मधेच शब्द चुकते. मी शाळेत निघताना खाली डोकावायचो. बाळ माझं बोट धरायचं. शाळेत एकदोघांनी विचारलं, सर, काही आनंदाची बातमी का? मी म्हणालो, घरातली गळती थांबली.

पूनम येऊन आठवडा झाला होता, त्या सोमवारची गोष्ट. सकाळचे सात वाजले असतील. मी निघायच्या तयारीत होतो. पूनम जिन्यात आली. बाळ खांद्यावर होतं, दुपट्यात गुंडाळलेलं.

"काका, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"तुम्ही खाली येऊन पाणी काढून ठेवलं होतं का बाळासाठी?"

"नाही."

"मग कोणी काढलं असेल?" तिच्या आवाजात भीती नव्हती. कोडं पडावं तसं ती बोलत होती. "गेले पाचसहा दिवस सकाळी उठले की बादली भरलेली असते. ऊन ऊन. मला वाटायचं, किरणच कामावर जायच्या आधी काढून ठेवतो. मी आईला फोनवर सांगितलंही, जावई सुधारला तुझा. पण काल त्याला रात्रपाळी लागली. रात्री दहाला गेलाय, अजून यायचाय. आणि आज पण बादली भरलेली."

"दार उघडं होतं?"

"छे. आतून कडी होती." ती एक पायरी खाली उतरली. "मी आपली रोज त्याच पाण्याने घालतेय याला अंघोळ. छान घेतो हो. दवाखान्यात, आईकडे, किती आकांत करायचा. इथे आल्यापासून एकदा रडला नाही अंघोळीला. नुसता वर बघत बसतो."

मी खाली गेलो. ती मागून आली. त्यांचं न्हाणीघर लहान आहे, एक माणूस उभा राहील एवढं. बादली मध्यावर ठेवलेली होती, काठोकाठ. तांब्या नव्हता. वरून वाफ येत होती, सकाळच्या थंडीत अगदी सरळ वर जात होती.

"आज घातलीस अंघोळ?"

"नाही ना. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. हात लावून बघितलं मी, आहे बेताचं."

मी घड्याळ काढलं आणि बाही दुमडली. हात पाण्यात घातला. ऊन होतं. मनगटापर्यंत घातला, तरी ऊन होतं, लहान मुलाला सोसेल त्याहून जरा जास्त. मग हात आणखी खाली घातला. अर्ध्यावर पाणी बदललं. तिथून तळापर्यंत ते गार होतं. नुसतं गार नाही, घामेजलेल्या बाटलीतून ओतावं तसं.

मी हात काढला.

"हे ओतून टाक," मी म्हणालो. "सगळं. आत्ता."

"चांगलं तापलेलं आहे की काका…"

"ओत."

"मग धरा याला जरा," असं म्हणून तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि ती बादलीकडे वळली.

मी त्याला खांद्याशी घेतलं. दुपटं कोरडं होतं. बाळ झोपेत नव्हतं, शांत होतं. त्याने मान सोडली तशी माझी हनुवटी त्याच्या डोक्याला टेकली.

टाळू ओली होती. केस ओले होते, कोणीतरी हलक्या हाताने एका बाजूला वळवलेले, आणि अजून ऊन.